फोटो शिकायला कुठं जावं?

पावसाळ्यात दाभोशाच्या धबधब्यावर माणसं येतात ती भिजायला आणि फोटो काढायला. मी शाळेत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वाटेवर कणसं भाजायला बसायचे. कणीस भाजेपर्यंत गिऱ्हाईक थांबायचं, आणि थांबलं की त्याला फोटो आठवायचा. "ए मुली, आमचा एक काढतेस का गं?" म्हणत फोन पुढं यायचा. मी राखेचे हात ओढणीला पुसायचे आणि फोन घ्यायचे.

धबधब्याचं पांढरं पाणी मागं घेऊन सगळे उभे राहायचे आणि मग चेहरे काळपट यायचे, हे मला लवकर कळलं. का ते ठाऊक नव्हतं. मी आपली सांगायचे, "जरा इकडं सरका, झाडाच्या अंगाला." फोटो बघून बाया खूश व्हायच्या. एकीनं तर आईला सांगितलं, "तुमच्या मुलीचा हात चांगला आहे." आई निखाऱ्यांना वारा घालत म्हणाली, "हात चांगलाच हाय तिचा. कणसं पण करपू देत नाय."

आश्रमशाळेत बारावी झाली आणि मला जव्हारला एका फोटो स्टुडिओत काम मिळालं. पुढं झेरॉक्सचं मशीन, मागं पडदा आणि दोन दिवे. मालकांना सगळे काका म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्यांनी मला हातात खरा कॅमेरा दिला, लग्नांना बरोबर नेलं, कॉम्प्युटरवर बसवलं. आणि गोरं करायला शिकवलं.

हे गोरं करणं आमच्या धंद्यातलं रोजचं काम होतं. पासपोर्टचा फोटो असो की लग्नाचा, गिऱ्हाईक म्हणायचंच, "जरा उजळ करा." मग माऊसनं एक खूण उजवीकडं सरकवायची. नवरी, तिची आजी, मांडवातला वाजंत्री, सगळे एकाच पिठात लोळवून काढल्यासारखे दिसायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लोक मागतात, आपण देतो, एवढंच.

एकदा आईला बचत गटासाठी फोटो हवा होता. ती दाभोशावरून जीपनं आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, केसांना तेल. मी तिला पडद्यापुढं बसवलं, काका बाजूला झाले. मोठ्या हौसेनं फोटो काढला, हौसेनं उजळ केला, आणि कागद तिच्या हातात दिला.

तिनं तो लांब धरला, जवळ धरला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पण ही कोण?"

"आये, तूच की."

"मी नाय. ही तुझ्या शाळंतल्या बाईसारखी दिसते."

ती हसली, मीही हसले. म्हटलं, थांब, दुसरा देते. मग काही न करता जसा निघाला होता तसा छापला. पांढऱ्या पडद्यापुढं आईचा चेहरा नुसता काळा ठिपका झाला होता. दात दिसत होते, कुंकू दिसत होतं, डोळे कुठं होते ते शोधावं लागत होतं. आईनं दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. यावेळी ती हसली नाही. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "माझं थोबाडच तसं हाय. तू काय करशील?" आणि पहिला, गोरा फोटो घेऊन गेली, कारण गटाच्या बाईंना चेहरा दिसायला हवा होता.

ती गेल्यावर मी काकांना विचारलं, "काका, माणूस जसा आहे तसा का नाही येत?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, मला आलं असतं तर तुला शिकवलं नसतं का? मी बघून बघून शिकलेला माणूस. पुढचं शाळेतच मिळेल. जा, शाळा बघ."

फोटो शिकवायची शाळा असते हे तोवर मला नीट ठाऊकही नव्हतं. काकांनीच ठाण्याच्या एका मोठ्या संस्थेचं नाव सांगितलं. बाबा तेव्हा वसईकडं बांधकामावर होते. फोनवर म्हणाले, "तू आन् आय, दोघी ठरवा. मला त्यातलं काय कळतं?" आईलाही त्यातलं काही कळत नव्हतं, पण ठाणं तिला ठाऊक होतं. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं ती तिथं इमारतींच्या कामावर घमेली उचलत होती. मी एकटीनं जावं हे तिला कबूलच नव्हतं.

ठाण्यात उतरल्यावर मी बावरले आणि आई एकदम ताठ झाली. रस्ता विचारायचा तर ती पुढं. संस्थेच्या दाराशी रखवालदारानं विचारलं, "किससे मिलना है?" आई अशा तोऱ्यात म्हणाली, "लडकी का दाखिला करने का है," की त्या माणसानं उठूनच दार उघडलं.

आत भिंतींना काचा होत्या, थंडगार होतं. फरशी इतकी चकचकीत, की तिच्यात आपण दिसू. पुढच्या टेबलाशी बसलेली मुलगी स्वभावानं चांगली होती. तिनं आईला पाणी दिलं, खुर्ची ओढून दिली, आम्हाला सगळी शाळा फिरून दाखवली. एका हॉलमध्ये आमच्या आश्रमशाळेच्या सगळ्या वर्गांत मिळून नसतील इतके दिवे होते. मधोमध एक गोरीपान मॉडेल उभी, भोवती मुलं कॅमेरे घेऊन. शिकवणारे सर तरुण होते. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला काय करायचंय? फॅशन? वेडिंग? प्रॉडक्ट?"

मी म्हटलं, "सर, आमच्याकडची माणसं सावळी आहेत, काळी आहेत. त्यांचा फोटो ती दिसतात तसा काढायला शिकायचंय."

त्यांना हे विचित्र वाटलं नसावं, पण नवं वाटलं. म्हणाले, "ते एडिटिंगमध्ये जमतं."

"एडिटिंग मला येतं," मी म्हटलं. "त्यानंच तर बिघडतं."

ते हसले. खोटं काही बोलले नाहीत. "खरं सांगू? तुला गावात राहून गावातल्या लोकांचे फोटो काढायचे असतील तर आमच्या कोर्सचा निम्मा भाग तुला लागणार नाही. पण इथून बाहेर पडलीस की मुंबईत काम मिळेल, त्याची खात्री."

खाली रस्त्यावर आल्यावर आईनं मागं वळून इमारतीकडं पाहिलं. "हितंच घे," ती म्हणाली. "बांधकाम पक्कं हाय."

"आये, बांधकाम बघून शाळा घेतात का?"

"मग काय बघून घेतात?"



ठाण्याचं काही ठरत नव्हतं, तोवर मी फोनवरचा एक कोर्स धरला. घरबसल्या शिका, म्हणत होते. आमच्या घरात बसलं की फोनला रेंज मिळत नाही. त्यासाठी शाळेमागच्या टेकाडावर चढावं लागतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथं दगडावर बसून धडे बघायचे. शेजारी कुणाच्या तरी शेळ्या. शिकवणारा माणूस छान समजावायचा. भिंग म्हणजे काय, उजेड मोजतात कसा, मला बरंच कळलं. पण मी काढलेले फोटो तिथं टाकले की खाली एक अंगठा यायचा आणि "खूप छान, सराव करत राहा" असा मजकूर यायचा. मुद्दाम एक बिघडलेला फोटो टाकून पाहिला. त्यालाही तोच अंगठा. त्या दिवशी मी टेकाड उतरले आणि तो कोर्स सोडला. शिकवणाऱ्यानं आपलं काम पाहायला हवं, एवढी एक गोष्ट मात्र मला तिथं पक्की कळली.

नाशिकची शाळा काकांमुळं कळली. ते फ्रेमा आणायला नाशकाला जायचे. त्या फ्रेमवाल्याच्या दुकानावरच्या माडीवर एक बाई थोड्या मुलांना शिकवतात, असं त्यांनी सांगितलं. आईनं तोंड वाकडं केलं. "माडीवर कसली शाळा?" पण आली. मोखाड्यावरून, त्र्यंबकवरून एसटी जाते. घाटात आईला मळमळलं, तरी खिडकीशी बसून सगळा रस्ता ती ठाण्याच्या खुर्च्यांबद्दल बोलत होती.

जिना अरुंद होता. वर एकच लांब खोली. भिंतीवर दोऱ्या बांधून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो लावलेले. त्यात चांगले होते, तसे फसलेलेही होते. फसलेल्यांखाली पेन्सिलीनं काय फसलं ते लिहिलेलं. मॅडम पन्नाशीच्या असतील. सुती साडी, गळ्यात चष्मा. त्यांनी कोर्सची माहिती सांगितली नाही. पहिलं म्हणाल्या, "तू काढलेले दाखव."

मी पिशवीतून काही छापलेले फोटो काढले. त्या एकेक बघत गेल्या. पोशेऱ्याच्या एका लग्नातला होता, नवरीची आजी दारात उभी असलेला. त्यावर त्या थांबल्या.

"हिचे डोळे कुठं गेले?"

"अंधारात गेले, मॅडम."

"तुला दिसत होते?"

"हो. पाणी आलं होतं डोळ्यांत. म्हणून तर काढला."

"मग तुला दिसले ते कॅमेऱ्याला का नाही दिसले?"

 आजवर कुणी मला हे विचारलंच नव्हतं. कुणी छान म्हणालं होतं, कुणी उजळ कर म्हणालं होतं. त्या आजीचे डोळे कुठं गेले, याची चौकशी कुणीही केली नव्हती. मी तिथंच आईचे ते दोन फोटो कसे आले होते ते सांगून टाकलं. आई संकोचून जिन्याकडं बघायला लागली.

मॅडम आईकडं वळल्या. "ताई, जरा बसता का इथं खिडकीपाशी?"

"माझा नको," आई म्हणाली. "मी चांगली येत नाय."

"तुम्ही नुसत्या बसा. नाही आला तर चूक माझी."

आई बसली. मॅडमनी एक फोटो काढला, मला दाखवला. स्टुडिओत मी काढलेला दुसरा आला होता तसाच, चेहरा काळा. मागं पांढरी भिंत होती. "बघ," त्या म्हणाल्या, "कॅमेरा भिंतीला भुलला. त्याला वाटलं उजेड फार आहे, म्हणून त्यानं सगळंच अंधारं केलं. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, भिंत सोड, माणूस बघ." मग त्यांनी आईच्या मागं मातकट रंगाची चादर टांगली. खुर्ची थोडी वळवली. दुसऱ्या अंगाला, उजेड परत चेहऱ्यावर यावा म्हणून, थर्माकोलचा एक तुकडा उभा केला आणि तो मला धरायला दिला. पुन्हा काढला. तोही जमला नाही. खुर्ची पुन्हा हलवली. वेळ जात होता, वर्गाला आलेली मुलं भोवती जमून बघत होती. आई आधी अंग चोरून बसली होती. नंतर कंटाळली, मग बाहेर कबुतरं होती ती बघायला लागली.

तेव्हाचा फोटो आला.

मॅडमनी कॅमेरा तसाच आईच्या हातात दिला. आईनं त्या छोट्या पडद्यावर पाहिलं. तिचाच रंग होता, पिकल्या जांभळासारखा गडद, पण गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेवर खिडकीचा उजेड बसला होता. डोळे होते, डोळ्यांत कबुतरांची खिडकी होती. आणि कपाळावरचं, हनुवटीवरचं हिरवं गोंदण एकेक ठिपका वेगळा दिसत होतं. माझ्या गोऱ्या फोटोत ते पुसलं गेलं होतं आणि काळ्या फोटोत बुडालं होतं. मी स्वतः तिचं गोंदण विसरले होते का काय, असं मला वाटलं.

आईनं बोट आधी पडद्यावर ठेवलं, मग कपाळावर. "माझ्या आयनं गोंदवून घेतलं होतं," ती मॅडमना म्हणाली. "मी लय रडले होते. ती म्हणायची, मेल्यावर येवढंच बरोबर येतं." मग पुष्कळ वेळ ती कॅमेरा परत देईना.

निघताना मॅडमनी मला सरळ सांगितलं. "माझा कोर्स लहान आहे. मोठ्या कंपन्यांत नोकरी लावून देणं मला जमणार नाही. तिथले ते मोठे दिवेही माझ्याकडं नाहीत. तुला मुंबईत नाव काढायचं असेल तर ठाण्याला जा. वाईट वाटून घेणार नाही मी."

मला वाटलं होतं, आता आईच म्हणेल, हितंच घे. पण बस त्र्यंबकच्या पुढं आली तशी ती म्हणाली, "फोटो चांगला आला. बाई पण चांगली. पण शाळा ती ठाण्याचीच."

मला राग आला. 

काही दिवसांनी आम्ही मायलेकी नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं खुडत होतो. शेत दुसऱ्याचं, आम्ही मजुरीला. ऊन बरं होतं. आई वाकल्या वाकल्याच बोलायला लागली. ठाण्याला ती एका कामावर होती, त्याच्या समोरच एक कॉलेज होतं. मधे जाळीचं कुंपण. सकाळी घमेलं घेऊन चढायची तेव्हा पलीकडून पोरी जायच्या, खांद्याला पिशव्या, हसत-खिदळत. मी तेव्हा तिच्या पोटात होते. "मला वाटायचं, पोरगी झाली तर ती त्या जाळीच्या पलीकडं दिसंल. त्या दिवशी तू त्या काचंच्या घरात उभी राहिलीस ना, मला वाटलं, आता दिसली."

मी खुडायची थांबले. एवढी वर्षं तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. मी रागावले होते त्या खुर्च्यांवर आणि फरशीवर. त्यामागं हे असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"आये," मी म्हटलं, "तिथं गेले तर मी तुला दिसेन. पण मला जे शिकायचंय ते तिथं नाय गं. त्या मॅडमकडं हाय."

ती कापडात कणसं भरत राहिली. कापड बांधून झाल्यावर म्हणाली, "मावशीच्या खोलीत राहशील का?" तिची बहीण नाशिकजवळ द्राक्षांच्या बागेत कामाला होती. मी हो म्हटलं. संध्याकाळी आई स्वतः टेकाडावर चढली आणि तिनं बहिणीला फोन लावला. खाली येऊन एवढंच सांगितलं, "तिच्याकडं अंथरूण हाय. पांघरूण तू ने."

मॅडमचा वर्ग शनिवार-रविवारी असायचा. काकांनी त्या दोन दिवसांची सुट्टी दिली, लग्नसराईत कुरकुर करत दिली, पण दिली. शुक्रवारी दुपारी जव्हारहून निघायचं, मावशीच्या खोलीवर उतरायचं, रविवारी परत. सुरुवातीचे महिने माझे फोटो दोरीवर फसलेल्यांतच टांगलेले असायचे. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, "घाई." पुढच्या आठवड्यात पुन्हा "घाई." मी मावशीला बागेत बसवून काढायचे, पानांतून येणारा उजेड तिच्या तोंडावर डाग पाडायचा. मावशी म्हणायची, "तुझ्या शाळेपायी माझी डाळ करपली." रविवारी तोच फोटो मॅडम सगळ्या वर्गापुढं घेऊन बसायच्या, कुठं थांबायला हवं होतं ते माझ्याचकडून काढून घ्यायच्या. पावसाळ्यात घाटात बस अडकायची. एकदा दोनदा सोडून द्यावंसं वाटलं. पण शनिवारी कुणीतरी माझं काम डोळे भरून बघणार आहे, या ओढीनं मी पुन्हा पिशवी भरायचे. मला शाळेकडून काय हवं होतं ते असं हळूहळू उलगडत गेलं.

कोर्स संपल्यावर मी जव्हारलाच राहिले. काकांच्या स्टुडिओत मागची एक खिडकी पेट्या रचून बुजवली होती ती मोकळी केली. पांढऱ्या पडद्याच्या जोडीला मातकट पडदा आला. सगळ्यांनाच ते आवडलं असं नाही. एका नवरीनं तिचा तसाच्या तसा आलेला फोटो पाहिला आणि रडवेली होऊन म्हणाली, "ताई, सासरी काय म्हणतील? उजळ करा ना." मी तिला दोन्ही दिले. तिनं गोरा भिंतीला लावला म्हणे. दुसरा तिच्या बापानं मागून नेला. मी कुणाशी वाद घालत नाही. काका आता थकले आहेत, पण नवं गिऱ्हाईक आलं की अजूनही पुढून ओरडतात, "खरा पाहिजे की गोरा?" आणि स्वतःच हसतात.

यंदाच्या उन्हाळ्यात सूर्यमाळला एका पाड्यावर साखरपुड्याचे फोटो काढायला गेले होते. टँकरची वाट बघत बाया हंडे घेऊन बसलेल्या. तिथं बारावीतली एक मुलगी माझ्या मागं मागं फिरत होती. शेवटी तिनं विचारलंच, "ताई, मला पण शिकायचंय. तुमच्याच शाळेत जाऊ ना?"

माझ्या तोंडावर हो आलं होतं. पण मी विचारलं, "तुला कुणाचे फोटो काढायचेत?"

"फोटो नाय," ती म्हणाली. "मला हलणारं काढायचंय. बाया लग्नात गाणी म्हणतात ना, ती पूर्ण. आवाजासकट."

मी म्हटलं, "मग माझी शाळा तुला उपयोगाची नाही."

तिचा चेहरा पडला. मी तिला जवळ बसवलं, मॅडमना फोन लावून बघितला, पण तिथंही रेंज नव्हती. मग म्हटलं, शनिवारी जव्हारला ये, आपण दोघी मिळून चौकशी करू, जमलं तर बघायलाही जाऊ. ती म्हणाली, "आयला आणू का बरोबर?"

"आण," मी म्हटलं. "तिला काय आवडतं तेही विचारू."